पाण्यात उभं राहायचं नाही : हवेच्या कयाकचा पहिला दिवस

कोल्हापूरच्या माणसाला पोहणं लहानपणीच येतं. कुणी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकतो, कुणी पंचगंगेच्या घाटावर थोरांच्या नजरेखाली. त्यामुळे कयाकच्या, म्हणजे दुटोकी वल्ह्याने चालवायच्या छोट्या होडीच्या, पहिल्या सहलीला येणारा इथला माणूस पाण्याला बिचकत नाही, आणि ही मोठी जमेची बाजू आहे. पण त्याच्या अंगात एक सवय पक्की मुरलेली असते. दम लागला की पाय खाली टेकवायचा आणि उभं राहायचं. विहिरीच्या पायरीवर, घाटाच्या दगडावर ती सवय बरोबरच आहे. दगडांतून धावणाऱ्या नदीत मात्र ती जीव घेऊ शकते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

काय होतं ते नीट समजून घ्या. पाणी मांडीपर्यंतच आहे, म्हणून माणूस उभा राहायला जातो. पाऊल दोन दगडांच्या फटीत सरकतं. मागून धार पाठीवर येते, माणूस पुढे वाकतो आणि तोंड पाण्यात जातं. पाय सोडवायचा तर तो मागे, धारेच्या विरुद्ध ओढायला हवा, आणि तेवढी ताकद वाकलेल्या माणसात उरत नाही. लाइफ जॅकेट अंगात असलं तरी ते डोकं वर आणू शकत नाही, कारण पाय खाली अडकलेला असतो. कमरेपेक्षा कमी पाण्यात, काठापासून चार हातांवर हे घडू शकतं. म्हणून नियम असा: पाण्यात पडलात तर उताणं व्हा, पाय पुढे म्हणजे प्रवाहाच्या दिशेला, पायाची बोटं पाण्यावर दिसली पाहिजेत, आणि बूड तळाला घासेपर्यंत उभं राहायचं नाही.

वाहत्या पाण्याची ताकद किती, याचा अंदाज आपल्याकडे सगळ्यांना यायला हवा, कारण पावसाळ्यात आपण रोज क्युसेकचे आकडे वाचतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. राधानगरी धरणाचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक सुटतात, अशी बातमी दरवर्षी येते. म्हणजे दर सेकंदाला चाळीस टन पाणी, एकाच दरवाजातून. आणि पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. संथ पाण्यात हाताने सहज ढकलली जाणारी कयाक त्याच पाण्याचा वेग वाढल्यावर चार माणसांना हलत नाही, ती यामुळेच.

आता बंधाऱ्यांबद्दल. ज्या बंधाऱ्याला साऱ्या महाराष्ट्रात आपल्या गावाचं नाव आहे, तो कोल्हापूर पद्धतीचा बंधारा शेतीसाठी वरदान आहे. कयाकसाठी मात्र तो या जिल्ह्यातल्या नद्यांवरचा सगळ्यात वाईट अडथळा आहे. पावसाळा सरला की खांबांमधल्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात, आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते काढतात. बरगे काढलेले असताना खांबांच्या मधून पाणी दाबाने निघतं. कयाक आडवी आली तर खांबाला गुंडाळली जाते. पाणी वाढून बंधारा बुडाला की वरच्या अंगाने, म्हणजे पाणी येतं त्या बाजूने, बघणाऱ्याला काहीच दिसत नाही, नदी सपाट भासते. पण बंधाऱ्यावरून पडलेलं पाणी खाली जाऊन परत वर येतं आणि उलटं बंधाऱ्याकडेच फिरतं. काठावरून बघणाऱ्याला तो साधा फेस वाटतो. त्यात सापडलेला माणूस खाली जातो, वर येतो, पुन्हा बंधाऱ्याकडे ओढला जातो. नैसर्गिक धबधब्याच्या खाली दगड वेडेवाकडे असतात, त्यामुळे पाण्याला कुठेतरी बाहेर पडायला फट मिळते. बंधारा या काठापासून त्या काठापर्यंत सरळ, एकसारखा असतो, म्हणून निसटायला वाटच नसते. वर फेसात हवा मिसळलेली असल्याने लाइफ जॅकेटही नेहमीइतकं उचलत नाही. त्यामुळे बंधारा लहान असो की मोठा, पाणी कमी असो की जास्त, दिसायच्या आधीच काठाला लागायचं आणि कयाक खांद्यावर घेऊन पलीकडे उतरायचं. याला अपवाद नाही.

याच कारणाने पहिला दिवस पंचगंगेवर, भोगावतीवर किंवा कासारीवर करू नये असं आम्ही ठामपणे सांगतो. पावसाळ्यात तर मुळीच नाही. गगनबावड्याला कोसळलेला पाऊस कुंभीतून खाली येतो तेव्हा कोल्हापुरात ऊन पडलेलं असू शकतं. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी आपल्याला पाठ आहे, पण ते आकडे गावासाठी आहेत. नवख्या माणसाची कयाक त्याच्या कितीतरी आधीच घरात राहिली पाहिजे. शिवाय काठाला शेतीपंपांचे पाइप, वायरी, दोर, जाळी आणि वाहून आलेली झाडं असतात. अशा गोष्टी गाळणीसारखं काम करतात: पाणी आरपार जातं, माणूस अडकतो.

नवख्यांना हवी ती धरणातून ठरलेलं पाणी सोडलं जाणारी, पहिल्या-दुसऱ्या श्रेणीची नदी. नद्यांच्या खळाळांना एक ते सहा अशी श्रेणी देतात. एक म्हणजे वाहतं पाणी, लहान लाटा. दोन म्हणजे सरळ दिसणारी वाट, मध्यम लाटा, अधूनमधून दगड. तीन म्हणजे अनियमित लाटा आणि नेमकं वळवावं लागणारी वाट. कोलाडची कुंडलिका भिरा वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर चालते, आणि दांडेलीजवळ गणेशगुडीला काळी नदी सुपा धरणाच्या खाली आहे. दोन्हींवर दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचे खळाळ आहेत. म्हणून आयोजकाला सरळ विचारा: नवख्यांना एकट्याच्या कयाकमध्ये नेमका कोणता टप्पा देता, तिसऱ्या श्रेणीचा खळाळ आला तर त्यांना उतरवून काठाने चालवता का, आणि आज पाणी किती वाजता सुटतं व किती वाजता बंद होतं? राफ्टमध्ये बसून तिसरी श्रेणी पार केली म्हणजे कयाकमध्येही जमेल असं नाही. राफ्टमध्ये मागे गाइड असतो, कयाकमध्ये तुम्ही एकटे असता.

गाइडबद्दलही विचारून घ्या. चार-पाच कयाकमागे एक गाइड हे प्रमाण योग्य. एक गाइड सगळ्यांच्या पुढे आणि एक सगळ्यांच्या मागे हवाच. महाराष्ट्रात २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ती दाखवा म्हणायला संकोच करू नका.

आता कयाक. हवेची, म्हणजे पंपाने फुगवायची, कयाक नवख्यांसाठी चांगली, कारण ती रुंद असते, दगडावर आपटली तर उसळते, आणि उलटली तर माणूस आत अडकत नाही, सरळ बाहेर पडतो. तोटा असा की ती वाऱ्याला फार ऐकते आणि संथ पाण्यात जड चालते. एकट्याची कयाक साधारण तीन मीटर लांब असते. दोन्ही बाजूंना दोन जाड नळ्या आणि मध्ये हवेचा तळ, असे किमान तीन वेगळे कप्पे असतात, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे तरंगवतात.

हवा भरण्याला वीस मिनिटं द्या, आणि ते काम स्वतः करा, कारण कयाक तिथेच कळते. आधी झडप उघडून आतली दांडी बघा. बहुतेक झडपांत मधली दांडी दाबून फिरवली की ती खाली अडकते आणि हवा बाहेर जाते. पुन्हा फिरवली की वर येते आणि झडप बंद होते. भरताना दांडी वर हवी. ती खाली राहिली तर दहा मिनिटं पंप मारून पंपाची नळी काढताच सगळी हवा भस्सकन निघून जाते. मग बाजूच्या दोन्ही नळ्या अर्ध्या भरा, नंतर तळ, आणि शेवटी नळ्या पूर्ण. असं केलं की तळ दोन्ही नळ्यांच्या मध्ये सरळ बसतो, कडेला घडी राहत नाही. बाजूच्या नळ्यांना साधारण दोन ते अडीच पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) पुरतो. तळ जर वरच्या आणि खालच्या कापडाला आतून हजारो धाग्यांनी जोडलेल्या फळीसारखा असेल, तर त्याला सहा ते दहा पीएसआय लागतो. नेमका आकडा झडपेजवळ छापलेला असतो, तोच अंतिम माना. मोटारीच्या टायरला तीसच्या पुढे पीएसआय लागतो, म्हणून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने कयाक भरू नका. काटा हलायच्या आत शिवण जाते.

हवा भरून झाली की कयाक पाण्यात टाका, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा मोजा. ही पायरी बहुतेकजण गाळतात. उन्हात भरलेली ४५ अंशांची हवा २५ अंशांच्या पाण्यावर थंड झाली की अडीचचा दाब दीडच्या आसपास येतो. मऊ कयाक मधोमध वाकते, माणसाचं बूड खाली जातं, दोन्ही टोकं वर येतात आणि ती वळता वळत नाही. लोकांना वाटतं आपल्यालाच जमत नाही. कित्येकदा फक्त हवा कमी असते. उलट, जेवणाला थांबल्यावर कयाक वाळूवर उन्हात ठेवली तर दाब चढतो. सावलीत ठेवा, नाहीतर प्रत्येक कप्प्यातून थोडी हवा सोडा आणि निघताना पुन्हा भरा.

तळाच्या कडेने भोकं दिसली तर घाबरू नका. लाटेचं पाणी आत आलं की ते या भोकांतून आपोआप बाहेर जातं. पाय ओले राहणारच. पण तळात हवा कमी असेल तर तो पाण्याच्या पातळीखाली बसतो आणि त्याच भोकांतून पाणी वर येतं. आत पाणी साठत असेल तर आधी तळाचा दाब तपासा. दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो, एवढं ओझं घेऊन खळाळात कयाक वळत नाही.

वल्हं साधारण २१० ते २२० सेंटीमीटरचं घ्या. रुंद कयाकला आखूड वल्हं दिलं तर बोटं नळीला घासून सोलतात. लाइफ जॅकेटचे पट्टे खालून वर आवळा, मग दुसऱ्याला खांद्याचे पट्टे वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत चढलं तर ते तुमच्या मापाचं नाही. हेल्मेट भुवयांच्या दोन बोटं वर बसावं आणि मागे ढकलून कपाळ उघडं पडू नये. पायात घट्ट लेस बांधलेले बूट. चपला, सँडल नकोत, आणि जीन्स तर नकोच. चष्म्याला दोरी. अंगठ्या, गळ्यातलं, हातातलं घरी ठेवा. कयाकवर कुठेही सैल दोराचा फास लोंबता कामा नये. मांडीला पट्टे असतील तर पहिल्या दिवशी न लावलेले बरे. लावायचेच असतील तर संथ पाण्यात उलटून, हाताने सोडून दाखवल्याशिवाय खळाळात जाऊ नका. सकाळी पोहे-उपीट बास, मिसळ नदीतून बाहेर आल्यावर खा.

निघण्याआधी काठावर खुणा पाठ करा, कारण खळाळात हाक ऐकू येत नाही. वल्हं उभं धरलं म्हणजे या. डोक्यावर आडवं धरलं म्हणजे थांबा. हात डोक्यावर टेकवला म्हणजे मी ठीक आहे, आणि तोच प्रश्नही असतो, त्याला तसंच उत्तर द्यायचं. तीन शिट्ट्या म्हणजे मदत हवी. आणि सगळ्यात महत्त्वाचं: गाइड ज्या बाजूला हात करेल तिकडे जायचं. तो धोका दाखवत नाही, वाट दाखवतो. नवख्यांचा इथे हमखास गोंधळ होतो, म्हणून तिघाचौघांनी एकमेकांना खुणा करून बघा.

पाण्यात उतरल्यावर पहिला अर्धा तास संथ डोहात घालवा. पुढे जायला पायाजवळून कमरेपर्यंत ओढा, त्याच्या मागे ओढलंत तर फक्त नाक फिरतं. वळायला वल्हं लांब, अर्धगोलात फिरवा. मागे वल्हं धरून सुकाणूसारखं चालवण्याचा मोह होतो, तो टाळा. त्याने वेग मरतो आणि नदी तुम्हाला न्यायला लागते. तुमचा वेग पाण्यापेक्षा थोडा जास्त असेल तरच कयाक तुमचं ऐकते.

मग पाणी वाचायला शिका. खळाळाच्या तोंडाशी पाण्यावर इंग्रजी ‘व्ही’सारखा आकार दिसतो. निमुळतं टोक खालच्या अंगाला असेल तर ती वाट आहे. टोक वरच्या अंगाला, तुमच्याकडे असेल तर तिथे दगड आहे. पाण्याला गुळगुळीत फुगवटा आणि लगेच मागे पांढरा फेस दिसला तर दगड जेमतेम बुडालेला आहे. पुढे नदीच दिसेनाशी झाली, एक आडवी रेघ दिसतेय आणि पलीकडे फक्त झाडांचे शेंडे, तर तिथे उतार मोठा आहे किंवा बंधारा आहे. काठाला लागा आणि चालत जाऊन बघा.

मोठ्या दगडाच्या खालच्या अंगाला पाणी उलटं, हळू फिरतं. गाइड त्याला एडी म्हणतात. नदीवरचे हे थांबे आहेत, आणि एडीत जाणं-निघणं येईल तेवढाच तुमचा ताबा. दगडाला जवळजवळ घासून, जोरात, कयाकचं नाक एडीत घुसवा. हळू गेलात तर धार तुम्हाला ओलांडून नेते. नाक आत गेलं की मागचा भाग अजून धारेत असतो, म्हणून कयाक एकदम गरकन फिरते. सायकल वळवताना जसं वळणाच्या आत झुकतो तसंच इथे झुकायचं. बाहेर झुकलं तर पाणी नळीवर चढतं आणि कयाक पलटी होते. पहिल्या दिवशीच्या निम्म्या डुबक्या इथे, धार आणि एडी यांच्यामधल्या रेघेवर होतात.

लाटेला नाक सरळ ठेवा आणि वल्हं मारत राहा. लाट बघून वल्हं हवेत धरून बसणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. वल्हं पाण्यात असलं की तोल राहतो. आणि दगडावर आडवे गेलात तर मन म्हणेल दगडापासून लांब हो. तसं केलंत की वरच्या अंगाची नळी दबते, पाणी भरतं आणि कयाक दगडाला गुंडाळली जाते. म्हणून दगडाकडे झुका, त्याला अक्षरशः मिठी मारा. रबर दगडावर टेकून राहतं आणि मग हाताने ढकलत निसटता येतं.

उलटाल तेव्हा एका हातात वल्हं, एका हातात कयाकचा दोर. आणि तुम्ही कयाकच्या वरच्या अंगाला, पाणी येतं त्या बाजूला. खालच्या अंगाला राहिलात तर कयाक आणि दगड यांच्यामध्ये तुम्ही सापडता. पाणी शांत असेल तर लगेच परत चढा: उलट्या कयाकवर पोट टाकून पलीकडचा दोर धरा, अंगाचं वजन मागे टाका, ती तुमच्या बाजूने सुलटी होते. मग बाजूने दोन्ही हात आत, पाय मागे पोहल्यासारखे जोरात मारा, पोट नळीवर येऊ द्या, आणि पोटावर पडूनच फिरून बसा. उभ्या पायांनी, हाताच्या जोरावर चढायला गेलात तर पाय कयाकच्या खाली जातात आणि ती पुन्हा उलटते. हे संथ पाण्यात किमान तीनदा, दम लागलेला असताना एकदा करून बघा. शहरातल्या तलावात करू नका, पोहण्याच्या टाकीवर परवानगी घेऊन करा.

पुढे खळाळ असेल आणि चढायला वेळ नसेल, तर कयाक सोडा आणि स्वतःकडे बघा. उताणे राहून, पाय पुढे ठेवून दगड चुकवा, मग एडी दिसली की पालथे होऊन जोरात पोहा. एकच वेळ अशी आहे जेव्हा पाय पुढे ठेवायचे नाहीत: समोर पाण्यात झाड पडलेलं असेल तर डोकं पुढे करून त्याच्याकडे जोरात पोहा आणि छातीने वर चढा. पाय पुढे गेले तर फांद्यांखाली जाल.

काठावरून दोराची पिशवी फेकली जाते, त्यात १५ ते २० मीटर तरंगणारा दोर असतो. दोर धरा, पिशवी नाही. पिशवी धरली तर आतला दोर सुटतच जातो. दोर खांद्यावरून घ्या, उताणे व्हा आणि वाट बघा, धार तुम्हाला झोक्यासारखी काठाला लावते. दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही, गुंडाळलेला दोर ऐनवेळी सोडता येत नाही.

दुपारनंतर बहुतेक चुका दमल्यामुळे होतात. वल्हं हलकं पडतं, नाक आडवं जातं, खुणांकडे लक्ष राहत नाही. म्हणून अवघड खळाळ सकाळी यावेत असा टप्पा निवडा, आणि कुणाचे ओठ निळसर पडले, बोलणं अडखळायला लागलं, तर त्याला लगेच बाहेर काढा. धरणाच्या तळातून येणारं पाणी मे महिन्यातही गार असतं.

घरी आल्यावर कयाक ओली गुंडाळून माळ्यावर टाकू नका. गोड्या पाण्याने धुवा, तळाच्या भोकांतली वाळू आणि झडपेच्या कडेचे खडे काढा. वाळूचा एक कण झडपेत बसला तरी रात्रभर हवा हळूहळू जाते, आणि लोक पंक्चर शोधत बसतात. साबणाचं पाणी झडपेवर टाकून बुडबुडे बघा, मगच शिवणींकडे वळा. सावलीत दोन दिवस पूर्ण वाळू द्या, नळ्यांखालच्या खाचा बोटाने चाचपून बघा, आणि मग सैल गुंडाळी करून उंदीर लागणार नाहीत अशा जागी ठेवा.